पॉवर स्ट्रिप आणि विशेषणे

समीक्षेच्या भाषेविषयी लिहिताना आरंभ विजेच्या पट्टीपासून करावा लागेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते. घरातील अँप्लिफायर, सीडी प्लेअर आणि रेकॉर्ड प्लेअर यांच्यासाठी भिंतीवर सॉकेट एकच. म्हणून आम्ही एक पॉवर स्ट्रिप आणावयास गेलो. दुकानात दोन होत्या. एकीची किंमत काहीशे रुपये, दुसरीची काही हजार. दुसरीमुळे स्वरांमागची शांतता गडद होते आणि गायिका दोन पावले पुढे येते, असे विक्रेत्याने सांगितले. ऐकून आम्ही ओशाळलो. या धर्तीची वाक्ये आम्हीच कवितासंग्रहांच्या परीक्षणांतून लिहिलेली आहेत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पट्टीतून येणारी २३० व्होल्टची वीज स्पीकरपर्यंत तशीच जात नाही. पारंपरिक धाटणीच्या अँप्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, रेक्टिफायर तिला एकाच दिशेने वाहावयास लावतो आणि मोठे कपॅसिटर तिचे चढउतार सपाट करतात. ही व्यवस्था नीट असेल, तर घराबाहेरून मैलोगणती तारांतून आलेल्या विजेला शेवटच्या दीड मीटरने नवा स्वभाव लाभण्याचे कारण उरत नाही. छापखान्याच्या वीजमीटरवरून कादंबरीची शैली ठरवण्यासारखेच ते होईल.

मात्र पट्टी संगीत सुधारत नसली तरी बिघडवू शकते, आणि प्रसंगी जिवावरही बेतू शकते. म्हणून निवड करावयाची ती या बाजूने. तिसऱ्या पिनेचे अर्थिंग आतून खरोखर जोडलेले असावे. आतील धातूच्या पात्यांनी प्लग घट्ट धरावा, कारण सैल जोडणी तापते आणि ठिणग्या टाकते. तार पुरेशी जाड असावी. आयएसआय चिन्ह असावे. ६ अँपिअरची पट्टी २३० व्होल्टवर १३८० वॅटचा भार पेलते. घरगुती संगीतयंत्रणेस बहुधा काहीशे वॅट पुरतात. इस्त्री वा हीटर मात्र त्या पट्टीस लावू नये. स्पाइक गार्डमधील व्हॅरिस्टर विजेचा क्षणिक उसळता दाब अंगावर घेतो, पण प्रत्येक आघातागणिक तो झिजतो. त्यास अमरत्व नाही, आणि संगीताची जाण तर नाहीच.

आता गुणगुणीविषयी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. स्पीकरमधील गुणगुण ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते. पांढरी एक षड्ज मानला तर मंद्र पंचम सुमारे ९८ हर्ट्झवर येतो. १०० हर्ट्झची गुणगुण त्याच्या शेजारीच, किंचित चढी उभी राहते. तानपुऱ्याच्या पंचमाला असा शेजार लाभला म्हणजे काय होते, हे जाणत्यांस सांगणे नलगे. पुष्कळदा या गुणगुणीचे मूळ अर्थिंगच्या वळशात असते. जोडलेली दोन उपकरणे दोन ठिकाणी अर्थ झाली, की सिग्नलच्या तारेच्या आवरणातून नको तो प्रवाह वाहू लागतो. सारी उपकरणे एकाच पट्टीवर घेतल्यास तो बरेचदा घटतो. येथे साध्या पट्टीचाही खरा उपयोग आहे. टीव्हीची केबल बाहेर कोठे अर्थ झाली असेल, तर मात्र तिच्या मार्गात विलगीकरणाचे साधन बसवावे लागते.

यावर एक गावठी इलाज सर्रास सांगितला जातो : अर्थची पिन काढून टाकावी. गुणगुण कदाचित थांबतेही. परंतु उपकरणात बिघाड होऊन धातूच्या पेटीत वीज उतरली, तर तिला जमिनीची वाट देणारी तार तीच असते. पंचम शुद्ध व्हावा म्हणून ऐकणाऱ्याचा जीव टांगणीस लावणे, ही रसिकता नव्हे.

आमच्या काही मित्रांचा आक्षेप असा : कान हाच अखेरचा साक्षीदार, आम्हांस फरक ऐकू आला, तर तो नाकारणारे तुम्ही कोण? अनुभव आम्ही नाकारत नाही. नाकारतो तो अनुभवापासून कारणापर्यंत मारलेली उडी. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांस कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांचे अभिप्राय तपासून १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' प्रसिद्ध केले. नावाचा आधार सुटताच सुशिक्षित वाचकही किती चाचपडतात, हे त्यातून उघड झाले. पट्टीची परीक्षाही अशीच घ्यावी : कोणती जोडली आहे हे न सांगता, आवाजाची पातळी समान ठेवून, अनेकवार. त्यानंतरही गायिका पुढे आली, तर आम्ही आमचे म्हणणे मागे घेऊ.

हीच कसोटी आमच्या व्यवसायासही लागू आहे. 'ही कविता अंतर्मुख करते' हे वाक्य कवीचे नाव झाकून आम्ही लिहिले असते काय? नसेल, तर ते कवितेविषयीचे नसून वेष्टनाविषयीचे आहे. ज्या विशेषणाचा आधार संहितेत बोट ठेवून दाखवता येत नाही, ते विक्रेत्याचेच विशेषण समजावे.

आम्ही काहीशे रुपयांची पट्टी घेतली आणि वायरमनकडून भिंतीतील अर्थिंग तपासून घेतले. ते तुटलेले निघाले. महागड्या पट्टीनेही ते जोडले गेले नसते. ते नीट करून घेतल्यावर त्या रात्री गायिका पुढे आली नाही, होती तेथेच राहिली. एवढ्यावर आमचे समाधान झाले.