मोठ्या टीमचा बाक की छोट्या टीमचं मैदान?

आज जरा अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीबद्दल बोलू. तिथली सर्वांत मोठी लीग एनएचएल, तिच्या खालची एएचएल. हुशार पण कच्च्या पोराला घडवायचं कुठे?

माझं मत स्पष्ट आहे: खालच्या लीगमध्ये. एनएचएलमध्ये नवख्याला बऱ्याचदा चौथ्या फळीत टाकतात. सामना 60 मिनिटांचा, त्याच्या वाट्याला आठ-दहा मिनिटं. चुकला की बाकावर. एएचएलमध्ये तोच पोरगा भरपूर खेळतो, चुकतो, शिकतो.

डेट्रॉइट रेड विंग्जचं बघा. गुस्ताव नायक्विस्ट आणि टोमास टाटार यांना त्यांनी ग्रँड रॅपिड्सच्या एएचएल टीममध्ये मुरू दिलं. 2013 मध्ये त्या टीमने कॅल्डर कप जिंकला. पुढच्याच सीझनला नायक्विस्टने एनएचएलमध्ये 57 सामन्यांत 28 गोल ठोकले.

"पण सर, सिडनी क्रॉस्बी?" बरोबर. तो 18व्या वर्षी थेट एनएचएलमध्ये आला आणि पहिल्याच सीझनला 102 पॉइंट्स केले. पण असा पोरगा पिढीत एखादाच. अपवाद बघून नियम ठरवू नका.

आता तुमच्या दुकानात या. नव्या पोराला मेन काउंटरवर नुसत्या पिशव्या भरायला उभं करू नका. एक छोटा विभाग द्या. ऑर्डर, स्टॉक, हिशोब सगळं त्याच्याकडे. चूक झाली तरी नुकसान झेपेल एवढंच. पगार तर देताच आहात, मग खेळू द्या की त्याला!

तुमच्या दुकानातली 'एएचएल' कुठली? कमेंटमध्ये नक्की सांगा.