डोकी मोजायची की पुरावे?

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट भरात असताना गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना, लक्षणे असोत वा नसोत, आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पाच दिवस देण्याची घोषणा केली. त्याआधी मार्चअखेरीसच जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनासाठी हे औषध फक्त संशोधन-चाचण्यांपुरते वापरावे, असे सांगितले होते. अशा वेळी सामान्य माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा? पुष्कळांनी मोबाइलवर विकिपीडिया उघडला. त्या पानामागेही तेव्हा हाच वाद पेटला होता.

औषध खोटे नव्हते. परजीवी जंतांविरुद्ध ते इतके गुणकारी ठरले, की त्याच्या शोधाला २०१५ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. प्रश्न होता तो कोरोनावर ते चालते का, हा. इंग्रजी विकिपीडियाच्या चर्चा पानावर अनेक जण येऊन विचारत होते, ‘इतके अभ्यास अनुकूल असताना तसे का लिहीत नाही?’

आरोग्याच्या लेखांसाठी तिथे वेगळा, कडक नियम आहे. एखाद्या सुट्या प्रयोगाचा निष्कर्ष पुरेसा मानत नाहीत. अनेक अभ्यास तपासून लिहिलेले आढावा लेख, मान्यवर संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे आणि पाठ्यपुस्तके यांना प्राधान्य मिळते. सहमती म्हणजे मतदानही नव्हे. शंभर जणांनी एकच मागणी केली, तरी तोलले जाते ते त्यांचे म्हणणे; त्यांची संख्या नव्हे.

या वादात गंमत अशी, की आयव्हरमेक्टिनच्या समर्थकांकडे आढावा लेखही होते आणि तेही वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेले. म्हणजे नियमाची अट वरवर पुरी होत होती. तरीही अनुभवी संपादक अडून बसले. आढाव्यात घेतलेले अभ्यास किती मोठे, किती चोख, हे पाहिल्याशिवाय त्याचा निष्कर्ष पानावर जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जुलै २०२१ मध्ये इजिप्तमधील एक अनुकूल अभ्यास, आकडेवारीबद्दल गंभीर शंका निघाल्यावर, मागे घेण्यात आला. समर्थकांच्या प्रमुख आढाव्यांत तो धरलेला होता. पायाचा दगडच निखळला! त्याच महिन्यात कॉक्रेन संस्थेने १४ चाचण्या आणि १६७८ जणांची माहिती तपासून पुरावा अपुरा असल्याचे सांगितले. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधील १३५८ रुग्णांच्या चाचणीतही या औषधाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही.

संपादकांना भविष्य कळले होते, असे नाही. त्यांनी फक्त घाई केली नाही. आरोग्याच्या बाबतीत हा गुण मोठा आहे.

या पद्धतीत खोट नाही असेही नाही. मूठभर जुने संपादक नवख्यांना नियमांची कलमे दाखवून गप्प करतात, ही तक्रार वारंवार होते आणि ती अगदीच निराधार नाही. प्रामाणिक शंका आणि हटवादी प्रचार यांना एकाच काठीने हाकले, तर चांगली माणसे निघून जातात. नियम कडक हवेत, पण ते समजावून सांगण्याची भाषा मऊ हवी.

मराठीत मात्र दुखणे उलटे आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे; पण आरोग्यावरचे अनेक लेख त्रोटक, संदर्भाविना आणि चर्चा पाने रिकामी. तिथे भांडण नाही, कारण भांडायला कोणी नाही. आईच्या मधुमेहाविषयी रात्री मराठीतून शोधणाऱ्या मुलीच्या हाती मग ‘मुळापासून बरा करा’ म्हणणारा व्हिडिओच लागतो. गजबजलेल्या वादापेक्षा ही शांतता अधिक धोक्याची आहे.

यावर उपाय अवघड नाही. आरोग्याचे पान वाचताना तळाचे संदर्भ, ‘चर्चा’ आणि ‘इतिहास’ हे तीन भाग उघडून पाहण्याची सवय वाचकाने लावून घ्यावी. मराठीत शिकवणाऱ्या आणि रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी महिन्याला एक लेख जरी संदर्भांसह सुधारला, तरी चित्र बदलेल. औषध घेण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा. विकिपीडियाही स्वतःबद्दल तेच सांगतो.