समाजशास्त्र आणि शाळेचा उंबरठा

समाजशास्त्र हा प्रौढांचा विषय. तो कोवळ्या मुलांच्या माथी मारू नये, असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि चलतीही त्यांचीच आहे. महाराष्ट्रात हा विषय प्रथम भेटतो तो अकरावीत, आणि तोही ऐच्छिक म्हणून. दहावीनंतर ज्याची शाळा सुटली, त्याला तो कधीच भेटत नाही.

या विद्वानांनी एकवार कनेरगाव नाक्यास जावे. हिंगोली व वाशीम या जिल्ह्यांच्या सीमेवरचे हे गाव. 1947 पूर्वी या सीमेच्या एका अंगास निजामाचा अंमल, तर दुसऱ्या अंगास इंग्रजी कारभारातले वऱ्हाड होते. गावाच्या नावास ‘नाका’ का चिकटला? सोयरिकी सीमेपलीकडे होतात काय? मजुरीसाठी गाव कोण सोडतो, कोण सोडीत नाही? एवढे तीन प्रश्न नववीच्या मुलाने घरोघर विचारले, तरी या शास्त्राचा श्रीगणेशा झाला! त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ 1915 सालचा. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला 1919 साली. आधी गाव, मग विद्यापीठ!

जातीची चर्चा वर्गात आणल्यास मने कलुषित होतील, हा दुसरा आक्षेप. जणू मुलास जात शाळेतच कळते! ती तो घरच्या ओसरीवरच शिकून येतो. शाळेने शिकवावयाचे ते तिचे मूळ आणि तिचा अन्याय. मात्र व्याख्या घोकवून गुणच मोजावयाचे असतील, तर हा विषय उंबरठ्याबाहेरच बरा.