पादपाच्या पायांवर पाय

पाडवा-भाऊबीजेच्या दिवसांत आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. चुकून कुणाला पाय लागला, तर चटकन नमस्कार करतो. अशा ह्या सुसंस्कृत समाजाविरुद्ध मी आज फिर्याद घेऊन आले आहे. आणि तिच्यातली पहिली आरोपी मीच आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना वड आहे. एका अंगाला शाळा, दुसऱ्या अंगाला बसथांबा, आणि जवळची वाट नेमकी बुंध्यालगतची. तीस वर्षे मी त्याच वाटेने गेले. दर वटपौर्णिमेला सूत गुंडाळीत प्रदक्षिणा घातल्या, त्याही ह्याच मुळांवरून! आता ती मुळे आजोबांच्या पायांवरच्या शिरांसारखी वर दिसू लागली आहेत. परवा एक आजीबाई त्यांना अडखळून पडल्या आणि गल्लीची सभा भरली. एक म्हणाले, मुळे छाटा. दुसरे म्हणाले, वर दोन फूट माती टाका. तिसरे म्हणाले, सिमेंट ओतून फरशी बसवा, सुशोभीकरण होईल. टाळ्या अर्थातच तिसऱ्यांना!

ह्या तिन्ही वैद्यांच्या हाती रोगी जगणार नाही. संस्कृतात झाडाला ‘पादप’ म्हणतात. पायांनी पिणारा तो पादप. पाणी पिणारी त्याची बारीक मुळे बहुतांशी वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या सावलीपलीकडेही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. रोज शेकडो पावले पडली की माती घट्ट होते, तिच्यातल्या हवेच्या जागा मिटतात, पाऊस आत न मुरता वरची माती घेऊन वाहून जातो. मुळे केवळ वर आलेली नाहीत. आपण त्यांच्या अंगावरचे पांघरूण ओढून घेतले आहे. त्यांवर जाड भर घातली तर ती गुदमरतात. जाड मूळ तोडले तर झाडाचा आधार जातो, जखमेतून कूज शिरते. आणि वादळात ते कोसळेल ते शाळेच्या बाजूला की थांब्याच्या, हे कोण सांगणार? झाड लगेच मरत नाही, वर्षानुवर्षे खंगते. म्हणून तर खुनी कधी सापडत नाही!

हे माझे खूळ नव्हे. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला लावले. अमेरिकेत हायपेरियन नावाचा रेडवुड, जगातला सर्वांत उंच ज्ञात वृक्ष, बघ्यांच्या पायांनी बेजार झाला. तेव्हा २०२२ साली तेथील राष्ट्रीय उद्यानाने त्याच्याजवळ जाण्यासच बंदी केली.

“मग माणसांनी चालायचे कुठून?” असे मला सभेत विचारले गेले. प्रश्न रास्त आहे. आजीबाईंचे गुडघेही आम्हांला हवेत. उत्तर साधे आहे. वाट थोडी बाजूला घ्या. जागाच नसेल, तर मुळे चुकवून खांब रोवा आणि त्यांवर फळ्यांची वाट करा. मुळांवर तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, मात्र बुंध्याला भिडवू नका; भोवती बुटके कुंपण घाला. सिमेंटच्या थाटापुढे हे दिसायला गरिबाचे, पण झाडाला मानवणारे.

आणि दिवाळीच्या साफसफाईत वडाखालचा पाला गोळा करून जाळू नका. आपल्या ताटात चकली-करंजी पडते, तसा तो त्याचा फराळ आहे.

मी आता वळसा घालून जाते. चाळीस पावले जास्त पडतात, एवढेच. भाऊबीजेनंतर गल्लीची सभा पुन्हा भरणार आहे. तिथे वडाच्या बाजूने बोलणारी मी एकटी नसावे, एवढीच ओवाळणी यंदा भावांकडे मागते.