मुलांना हिशेब कळू द्या

परवा पालकसभेत एका गृहस्थांनी ठणकावून सांगितलं, की लहान मुलांच्या हातात पैसा देऊच नये. मूल हिशेबी होतं, मनात हाव शिरते, बालपण नासतं. व्यवहार काय, मोठेपणी आपोआप कळतो. टाळ्याही पडल्या. त्या टाळ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

निरागसतेचंच आधी घेते, कारण सगळी गफलत तिथे आहे. आपण पैसा हातात दिला नाही म्हणजे मुलाला तो दिसतच नाही, अशी या गृहस्थांची समजूत. अहो, चॉकलेट हवं म्हटलं की आई क्यूआर कोडपुढे फोन धरते, दुकानातला स्पीकर रक्कम ओरडतो आणि चॉकलेट हातात येतं. हे पाच वर्षांचं पोर रोज बघतं. आमच्या लहानपणी आईच्या बटव्यातली नाणी कमी होताना दिसायची. बटवा चपटा झाला की कळायचं, आज भेळ नाही. फोन कधी चपटा होत नाही. खर्च मुलासमोर दिवसातून दहा वेळा होतो. पैसा संपतो, एवढंच तेवढं लपून राहतं. याला मी निरागसता म्हणणार नाही, हे अर्धवट शिक्षण आहे. आणि भाजीच्या गाड्यावर आईशेजारी उभा राहून सुट्टे मोजून देणारा सात वर्षांचा मुलगा? त्याचं बालपण नासलं, हे या गृहस्थांनी त्याच्या आईला तोंडावर सांगून बघावं.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बालआनंद बाजार भरतो. गेल्या वर्षी तिसरीतली एक मुलगी मेथीच्या जुड्या घेऊन बसली होती, दहाला एक. दुपारी पानं मलूल झाली. तिनं पाणी शिंपडलं, वाट पाहिली आणि कुणी न सांगता वीसला तीन केल्या. शेजारच्या काकडीवाल्याचे सुट्टे संपले, तर स्वतःच्या डब्यातली नाणी काढून दिली. यात हाव कुठे होती?

आपोआप कळत असतं, तर क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरून निर्धास्त झोपणारे पदवीधर दिसले नसते.

संचयिकेच्या वेळीही हाच वाद ऐकला होता. शाळेतल्या त्या बचत बँकेत मुलंच पैसे घ्यायची, मुलंच नोंदी करायची. शाळेत पैशाचं काय काम, असं तेव्हाही काहीजण म्हणायचे. आमच्याकडची संचयिका बंद पडली. आता सातवीत ‘बँक व सरळव्याज’ शिकवताना पैसे भरायची स्लिप कशी असते, हे फळ्यावर काढून दाखवावं लागतं.

करायचं फार नाही. दर रविवारी ठरलेले दहा-वीस रुपये, रोख. एक वही, एक मातीचा गल्ला. मधेच संपले तर पुढच्या रविवारपर्यंत भर घालायची नाही. हे मुलांपेक्षा आईबापांनाच जड जातं. १० वर्षं पूर्ण झाली की पोस्टात मुलाच्या स्वतःच्या नावानं ५०० रुपयांत खातं उघडता येतं.

बाजार उठल्यावर ती मेथीवाली मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. जमा लिहिली होती, घरून आणलेल्या मालाची किंमतही लिहिली होती. म्हणाली, “बाई, चार जुड्या सुकल्या. त्या कुठं लिहू?”