गुण कळतात, चूक कळत नाही

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव सुरू झाला, की व्यापारी गोणी मोकळी करतो, चार कांदे हातात फिरवतो आणि भाव पुकारतो. एक नंबर, गोल्टा, गोल्टी, जोड ही सगळी प्रतवारी शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत होते. भाव पटो न पटो, तो का पडला हे त्याला जागच्या जागी कळते. जोड जास्त निघाले की पत्ती सुटली, हे मनाशी धरूनच तो पुढच्या लागवडीचा विचार करतो. त्याच शेतकऱ्याची मुले नगर, लोणी, कोपरगाव, संगमनेर नाहीतर थेट पुण्याला अभियांत्रिकीला जातात. तिथे पहिल्या सत्रात गणिताचा पेपर देतात आणि काही दिवसांनी त्यांना तीसपैकी सात गुण पडल्याचे कळते. त्यापलीकडे काहीच कळत नाही. तेवीस गुण कुठे गेले, सूत्र चुकले, चिन्ह चुकले की प्रश्नच समजला नाही, हे सांगणारी उत्तरपत्रिका सहसा त्यांच्या हाती परत येत नाही. आपल्या अभियांत्रिकी शिक्षणातल्या अनेक दुखण्यांचे मूळ इथे आहे असे मला वाटते. ते दूर करायला नवी इमारत लागत नाही की नवा अभ्यासक्रम लागत नाही.

नगर जिल्हा प्रवेशाच्या बाबतीत मागे नाही. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी लोणी, कोपरगाव आणि संगमनेर अशा तीन ठिकाणी महाविद्यालये उभी राहिली. तिन्हींच्या पाठीशी सहकारी साखर कारखानदारीतली माणसे होती. उसाच्या पट्ट्यातल्या मुलाला इंजिनिअर व्हायला पुण्या-मुंबईत खोली शोधावी लागू नये, हा त्यामागचा हेतू रास्त होता आणि तो बऱ्याच अंशी पुरा झाला. आता तर जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क सरकार पूर्ण माफ करते. दार उघडले, फीचा प्रश्न निदान काहींपुरता सुटला. पण आत आलेल्या मुलीचे पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले आणि पुढे वर्ष गेले, तर सरकारने भरलेल्या फीचा उपयोग काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. त्यामुळे पहिल्या सत्रात राहिलेली एम-वनची, म्हणजे गणित-एकची, केटी दोन वर्षे मानगुटीवर बसते आणि विद्यार्थी दुसऱ्या वर्षाचे विषय करता करता पहिल्याचे पेपर देत राहतो. ‘इयर डाऊन’ झालेल्यांची कहाणी बहुतेक वेळा तिथूनच सुरू झालेली असते.

पहिले सत्र कसे जाते ते नीट पाहिले पाहिजे. सीईटीनंतरच्या प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, शेवटच्या फेरीतला विद्यार्थी वर्गात येतो तेव्हा एखादे प्रकरण उरकलेले असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात सुरुवातीला तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सुचवला होता. अनेक ठिकाणी तो भाषणे, सत्कार आणि ग्रंथालयाची फेरी यांत आटोपतो. मग अभ्यास सुरू होतो न होतो तोच परीक्षा येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात ती इन-सेम म्हणून तीस गुणांची होती आणि सत्राच्या शेवटी सत्तर गुणांचा पेपर. पुढे नव्या शैक्षणिक धोरणाने सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा शब्द आणला. तो स्वागतार्ह आहे, पण सातत्य गुण नोंदवण्यात आले, चूक दाखवण्यात आले नाही. विद्यार्थ्याची काळजी घेण्यासाठी नेमलेले जीएफएम, म्हणजे पालक-शिक्षक, यांचा बराच वेळ हजेरी कमी असल्याचे घरी फोन करून सांगण्यात आणि फीची आठवण देण्यात जातो. गंमत अशी, की त्याच आवारात फिटिंगच्या वर्कशॉपमध्ये अगदी योग्य पद्धतीने शिकवले जाते. निदेशक जॉबला गुण्या लावतो, फटीतून उजेड दिसला की जॉब परत हातात देतो आणि ‘या कडेला अजून कानस मार’ असे सांगतो. विद्यार्थी पुन्हा घासतो, पुन्हा दाखवतो. ड्रॉइंग हॉलमध्येही शीटवर पेन्सिलीची खूण करून चुकलेली रेष दाखवली जाते. गणित, मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिकल या विषयांत मात्र, जिथे मुले खरी अडतात, तिथे जॉब परत देण्याची रीतच नाही.

ही केवळ माझी समजूत नाही. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकवण्याच्या २२५ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. विद्यार्थ्यांना वर्गातच प्रश्न सोडवायला लावून, चर्चा घडवून शिकवले तिथे ते सुमारे २२ टक्के निघाले. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते उरी ट्राइसमन यांचे काम. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने नापास होत. प्राध्यापकांची कारणे तयार होती: तयारी कच्ची, घरचे वातावरण नाही, जिद्द नाही. (आपल्याकडच्या स्टाफरूममध्ये हीच वाक्ये मराठीत ऐकू येतात.) ट्राइसमन यांनी विद्यार्थी प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात ते पाहिले, तेव्हा यांतले एकही कारण टिकले नाही. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे ताडून पाहत, चूक कुठे झाली यावर वाद घालत. कृष्णवर्णीय विद्यार्थी तास न् तास अभ्यास करत, पण एकटे. आपण चुकत आहोत हे त्यांना परीक्षेतच कळत होते. ट्राइसमन यांनी त्यांच्यासाठी गटाने अवघड गणिते सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि नापासांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. यातला अवघड हा शब्द सोडून चालणार नाही. त्यांनी सोपे करून शिकवले नाही, उजळणीचे वर्ग घेतले नाहीत. चूक वेळेवर आणि चारचौघांत उघडी पडेल, पण तिची लाज वाटणार नाही, एवढी सोय केली.

गणितासारख्या विषयांतही छोटे पेपर घ्यावेत, तपासावेत आणि चूक दाखवून परत द्यावेत, असे म्हटले की पहिला आक्षेप शिक्षकांच्या कमतरतेचा असतो आणि तो खोटा नाही. पदे रिकामी आहेत, तासिकेवरच्या नेमणुकांवर काम चालते. तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण वीसवर नेले आणि २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या महाविद्यालयांना शाखेतल्या जागांची कमाल मर्यादाही उठवली. कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. तरीही हिशोब करून पाहावा. साठ जणांच्या तुकडीला दोन गणितांचा वीस मिनिटांचा पेपर दिला, एका पेपरला तीन मिनिटे धरली, तर तपासायला तीन तास लागतात. सत्रात असे तीन पेपर घेतले तर नऊ तास. हा वेळ कुठून आणायचा? तो आजच खर्च होतो आहे, जर्नलांवर. प्रत्येक प्रयोगाचे उद्दिष्ट, साहित्य, सिद्धान्त आणि निष्कर्ष मागच्या वर्षीच्या फाइलमधून जसेच्या तसे उतरवले जातात, सबमिशनच्या आठवड्यात रात्री जागून पाने भरली जातात आणि शिक्षक अनुक्रमणिकेवर एकामागून एक तारखा टाकून सह्या करतो. त्यात लिहिणाऱ्याने काही शिकलेले नसते, सही करणाऱ्याने काही वाचलेले नसते, हे दोघांनाही ठाऊक असते. ही उतरवाउतरव निम्म्यावर आणली तरी तपासणीचे तास निघतात. वेळापत्रकात वीस-वीस जणांच्या बॅचचे ट्युटोरियल आधीच आहे, त्या तासाला फळ्यावर आणखी दोन गणिते सोडवून दाखवण्याऐवजी तपासलेले पेपर वाटावेत, चार-चार जणांना एकत्र बसवावे आणि प्रत्येकाने आपली चूक शोधून दुरुस्त करूनच उठावे.

दुसरा आक्षेप असा, की अंतर्गत गुण आधीच खिरापतीसारखे वाटले जातात, त्यात ही आणखी एक वाट होईल. म्हणूनच या पेपरांना गुण असू नयेत. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग इथे आठवावा. ज्यांना केवळ शेरा मिळाला त्यांची पुढची कामगिरी सुधारली. ज्यांना शेऱ्याबरोबर गुणही मिळाले, त्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही, कारण आकडा दिसल्यावर शेरा कोण वाचतो! ती मुले लहान होती हे खरे. पण आकड्यापुढे बाकी सगळे फिके पडणे हे अठराव्या वर्षी कमी होते, असे आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्गांकडे पाहून कोणी म्हणणार नाही. मग गुण नसतील तर मुले पेपर मनावर कशाला घेतील, हा प्रश्न उरतो आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. काही जण घेणार नाहीत. पण टर्मवर्कचे थोडे गुण बरोबर उत्तराला न देता, स्वतःची चूक दुरुस्त करून परत दिलेल्या पेपराला दिले, तर बहुतेक जण तेवढे नक्की करतील. हे लाड करणे आहे, मोठ्या मुलांना बोट धरून चालवणे आहे, असेही म्हटले जाईल. चूक दाखवून ती त्यांच्याच हातून दुरुस्त करून घेणे यात लाड कसले? गाइड घेऊन ठरावीक दहा गणिते पाठ करायला लावून पास करणे, हे खरे लाड, आणि ते आज सर्रास चालतात.

भाषेचा मुद्दा इथेच येतो. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकीला परवानगी दिली, तेव्हा पिंपरी चिंचवडच्या एका महाविद्यालयात मराठीतून संगणक अभियांत्रिकी सुरू झाली. पहिल्या वर्षाची पुस्तकेही मराठीत आली. प्रयत्न चांगला आहे. पण मराठी माध्यमातून आलेल्या बहुसंख्य मुलांनी इंग्रजी माध्यमच निवडले आहे आणि नोकरीचा विचार करता ते समजण्यासारखे आहे. त्यांची अडचण पुस्तकाची कमी आणि प्रश्न विचारण्याची जास्त असते. साठ जणांत उभे राहून इंग्रजीत शंका विचारायची हिंमत होत नाही. समोर स्वतःचा तपासलेला पेपर असेल आणि बाजूला तिघे जण असतील, तर ‘इथे लिमिट का बदलली?’ हे मराठीतच विचारले जाते, आणि शिक्षकही मराठीतच सांगतो. त्यासाठी अनुवादाचा प्रकल्प लागत नाही.

विद्यापीठाची जबाबदारी वेगळी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावायचा असतो. चर्चा होते ती एवढ्या मुदतीचीच. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पण शुल्क भरून, निकालानंतर, आणि बहुधा गुण वाढवून मागण्यासाठी. विषय राहिलेल्याला शिकण्यासाठी ती आपोआप का मिळू नये? त्याहून सोपी एक गोष्ट आहे. पहिल्या वर्षाचे हजारो पेपर कॅप, म्हणजे मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रांवर तपासणाऱ्या परीक्षकांना मुले कोणत्या प्रश्नात, कोणत्या पायरीवर घसरतात हे नेमके माहीत असते. ब्रिटनमधली परीक्षा मंडळे प्रत्येक परीक्षेनंतर परीक्षकांचा अहवाल प्रसिद्ध करतात, त्यात प्रश्नवार सामान्य चुका असतात. आपल्याकडे हे ज्ञान परीक्षकांच्या चहाबरोबर संपते. गणिताच्या अभ्यास मंडळाने दर सत्राला असा चार पानांचा मराठी-इंग्रजी अहवाल काढला, तर लोणीच्या शिक्षकाला आणि घोडेगावात सुट्टीत बसून केटीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला त्याचा सारखाच उपयोग होईल. सगळे विषय एकदम हाती घ्यायची गरज नाही. गणित-एकपासून सुरुवात करावी, पहिला पेपर सहाव्या आठवड्याच्या आत घेऊन आठ दिवसांत परत द्यावा, आणि दोन वर्षांनी त्या तुकड्यांच्या केटींची संख्या आधीच्या तुकड्यांशी ताडून पाहावी. फरक पडला नाही तर खुशाल बंद करावे. ज्या महाविद्यालयांना स्वायत्तता मिळाली आहे, त्यांना तर यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. त्यांचे वेळापत्रक त्यांच्याच हातात आहे आणि ट्युटोरियलच्या तासाला पेपर वाटायला कुठला जीआर लागत नाही.