गाडीच्या दिव्याची पिवळी काच

कापसाच्या दिवसांत मारेगावहून वणीच्या बाजाराला गेलेली गाडी परतेपर्यंत अंधार पडतो. पुढे बिनदिव्याची बंडी, आणि आपला दिवा मिणमिणता! मंडळी, बल्ब बदलूनही उजेड पडत नसेल तर काचेकडे पाहा.

जुन्या गाड्यांना खरी काच असे, ती पिवळी पडत नसे. आताची 'काच' पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लॅस्टिकचीच. तिच्यावरचा संरक्षक थर उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजतो. आणि आपल्याकडचे ऊन काय सांगावे!

सावलीत काच धुवा, भोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावा. मग पाणी सोडत 800, 1000 आणि शेवटी 2000 नंबरच्या वॉटर पेपरने घासा. काच आधी जास्तच पांढुरकी दिसेल. घाबरू नका, पॉलिशने ती उजळते. टूथपेस्टनेही चमक येते, पण थोड्याच दिवसांची. शेवटी अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लेप द्याच. तो टाळला तर सारी मेहनत पुढच्या उन्हाळ्यात वाया.

काचेच्या आत ओल दिसली तर मात्र घासत बसू नका, मिस्त्रीला दाखवा. आणि हो, बंडीवाल्यांनी मागे लाल चमकपट्टी लावावी. थोड्या पैशांचे काम आहे.